चिमटूच्या शंखात लाल रंग

समुद्राच्या काठी होती एक वाडी. तिथल्या वाळूत राहायचा एक खेकडा. केवढा? सुपारीएवढा. नाव त्याचं चिमटू.

चिमटूच्या नांग्या कडक कडक. पण ढुंगू? ढुंगू मऊ मऊ, अगदी लोण्यासारखं. म्हणून तो शंखात राहायचा. शंख पाठीवर घ्यायचा आणि चालायचा तुरुतुरु तुरुतुरु.

एकदा चिमटूला वाटलं, मोठा शंख घालून बघू. जुन्यातून बाहेर आला. नव्यात शिरला. छे, फारच ढगळ. बाहेर येऊन मागे वळला, तर जुना शंख गायब.

कुणी नेला? रंगवाल्या सुगंधाकाकीने. काकी लाल दगड कुटायची, कुट कुट कुट. मग डिंकात घोटायची, घोट घोट घोट. प्लॅस्टिकच्या डब्या तिला मुळीच आवडायच्या नाहीत. ती रंग भरायची करवंटीत, नाहीतर शंखात. चिमटूचा शंख तिला रिकामा दिसला. तिने उचलला आणि लाल रंग भरला.

आता चिमटू उघडा. माडाच्या शेंड्यावर बसला होता कावळा. त्याने मान तिरकी केली.

चिमटू गेला काकीकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"काकी, काकी, शंख दे.
ढुंगू माझं उघडं,
कावळा मला बघतो."

काकी म्हणाली, "देते रे. पण आत रंग आहे. आठ दिवस घोटलाय, सांडू कसा? माझ्या करवंट्या सगळ्या भरल्या. माडाकडून नारळ आण. करवंटीत रंग ओतते, शंख तुला देते."

चिमटू गेला माडाकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"माडदादा, माडदादा, नारळ दे.
नारळाची करवंटी काकीला.
काकी देईल शंख मला.
ढुंगू माझं उघडं,
कावळा मला बघतो."

माड म्हणाला, "देईन की. पण माझी मुळं कोरडी. अंगात जोरच नाही. पाटाला सांग, पाणी सोड."

कावळा एक झावळी खाली आला.

चिमटू गेला पाटाकडे, तुरुतुरु तुरुतुरु. विहिरीचं पाणी माडाकडे न्यायचं, हे पाटाचं काम. पण आज पाट गप्प होता.

"पाटदादा, पाटदादा, पाणी सोड.
पाणी माडाला.
माड देईल नारळ.
नारळाची करवंटी काकीला.
काकी देईल शंख मला.
ढुंगू माझं उघडं,
कावळा मला बघतो."

पाट म्हणाला, "सोडेन की. पण माझा गळा दाबलाय. रंगाच्या रिकाम्या डब्या अडकल्यात. त्यांना सांग, बाजूला व्हा."

कावळा आणखी खाली आला. कुंपणावर बसला.

चिमटू गेला डब्यांकडे, तुरुतुरु तुरुतुरु. डब्या प्लॅस्टिकच्या. निळी, पिवळी, हिरवी. एकीवर एक चढून बसलेल्या.

"डब्यांनो, डब्यांनो, बाजूला व्हा.
पाट सोडेल पाणी.
पाणी माडाला.
माड देईल नारळ.
नारळाची करवंटी काकीला.
काकी देईल शंख मला.
ढुंगू माझं उघडं,
कावळा मला बघतो."

डब्या म्हणाल्या, "आम्हाला काय पाय आहेत? रंग संपला आणि वाडीतल्या कस्तुरीने आम्हाला इथे टाकलं. जिने टाकलं तिनेच उचलावं."

कावळा जमिनीवर उतरला. टुण टुण, मागे मागे येऊ लागला.

चिमटू पळाला. तुरुतुरु तुरुतुरु, तुरुतुरु तुरुतुरु. कस्तुरी ओटीवर बसून चित्र काढत होती.

"कस्तुरीताई, कस्तुरीताई, डब्या काढ.
डब्या होतील बाजूला.
पाट सोडेल पाणी.
पाणी माडाला.
माड देईल नारळ.
नारळाची करवंटी काकीला.
काकी देईल शंख मला.
ढुंगू माझं उघडं,
कावळा मला बघतो."

कस्तुरीने वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "मला सूर्य रंगवायचाय. लाल रंग संपलाय. काकीचा लाल रंग आण, मग डब्या काढते."

लाल रंग? तो कुठे होता बरं? चिमटूच्या शंखात.

बिचारा चिमटू. फिरून फिरून तिथेच आला. आता कुणाकडे जाणार? कुणी उरलंच नाही. तो ओटीवर बसला आणि हळूच म्हणाला, "ताई, तो रंग माझ्या घरात आहे."

कस्तुरीने कुंचला थांबवला. खाली पाहिलं. इवलासा चिमटू थरथर कापत होता. तेवढ्यात कावळा झेपावला, फडफड फडफड. कस्तुरीने पटकन चिमटूवर ओंजळ पालथी घातली.

"राहू दे सूर्य," कस्तुरी म्हणाली. "आधी तुझं घर."

कस्तुरी धावली पाटाकडे. चिमटू तिच्या मुठीत. तिने डब्या काढल्या, खडखड खडखड. सगळ्या काढल्या, एकही नाही ठेवली.

डब्या झाल्या बाजूला.
पाटाने सोडलं पाणी, खळखळ खळखळ.
पाणी माडाला, गटगट गटगट.
माडाने दिला नारळ, धप्प.
काकीने नारळ सोलला. फोडला, टक टक फट्. खोबरं काढलं, करवंटी धुतली. लाल रंग करवंटीत ओतला, बुळुक बुळुक.

मग काकीने शंख समुद्राच्या पाण्यात धुतला. एकदा धुतला, दोनदा धुतला, लाल जाईपर्यंत धुतला. म्हणाली, "चुकलं रे माझं. मला वाटलं, रिकामाच आहे."

चिमटू उलटा उलटा आत सरकला. ढुंगू आत. पोट आत. पाय आत. बाहेर फक्त दोन डोळे. कावळ्याने शंखावर चोच मारली, टक. काही उपयोग झाला नाही. कावळा गेला उडून.

कस्तुरीने डब्या घासल्या. काकी म्हणाली, "टाकण्यापेक्षा हे बरं," आणि त्यातच पुन्हा रंग भरून दिला. आता कस्तुरी डब्या टाकत नाही. रंग संपला की डबी घेऊन काकीकडे जाते.

आणि काकी? काकीने घरातले शंख एकेक करून रिकामे केले. धुतले आणि वाळूत नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर त्यातले तीन शंख चालायला लागले होते. तुरुतुरु तुरुतुरु.

रंग गेला करवंटीत, खेकडे गेले शंखात. खोबरं तेवढं उरलं. ते गोष्ट ऐकणाऱ्यांचं.