टोपलीतली मरळ

तळ्याकाठच्या एका गावात एक मासेमार राहत होता. हात चांगला, गळ चांगला, बायकोही चांगली. फक्त त्याला कशाचा भरवसा वाटत नसे. दाराची कडी लावली, की ती लागली का हे पाहायला तो ती काढून बघे.

त्या गावाचा एक नियम होता. वर्षातल्या एका ठरलेल्या सकाळी जो गळानं मरळ धरून पंचांपुढच्या घंगाळात ती जिवंत सोडेल, त्याचं तळं वर्षभर. हा नियम का केला ते कोणालाच आठवत नव्हतं, म्हणून तो फार कडक पाळला जाई. सात वर्षं तळं या मासेमाराकडे होतं. यंदा शेजारीही उतरला होता.

उजाडताच मासेमारानं गळाला बेडूक लावून कमळाच्या पानांच्या कडेला सोडला. मरळ आधी बेडूक नुसता तोंडात धरते, गिळते मागाहून. तोवर ओढायचं नाही, हे त्यानंच गावाला शिकवलेलं. पण दोरा हलला. सोडून गेली तर? त्यानं हिसका दिला. अर्धा बेडूक वर आला. दुसऱ्यांदाही तेच.

पलीकडच्या काठावरून शेजारी म्हणाला, "दादा, तिला जेवू तरी द्या."

"तू तुझं बघ."

तिसऱ्या वेळी दोरा हलला तेव्हाच पायाला लाल मुंगी कडकडून चावली. ती काढण्यात त्याचे दोन्ही हात गुंतले, आणि तेवढ्या वेळात मरळीनं बेडूक गिळला. हातभर लांब मरळ वर आली. श्रेय मुंगीचं होतं, पण मुंगीला तळं नको होतं.

त्यानं ती टोपलीत ओल्या गवतावर ठेवली, झाकण घट्ट बांधलं आणि बांधावरून गावाकडे निघाला. ओल्या गवतात मरळ अर्धा दिवस सहज जगते. हेही त्याला ठाऊक होतं.

वीस पावलं गेल्यावर त्याला वाटलं, आत हालचाल नाही. त्यानं दोरी सोडून पाहिलं. मरळ जिवंत होती. त्यानं पुन्हा बांधलं. वडाखाली पुन्हा धाकधूक झाली. मेलेली मरळ पंचांपुढे ठेवली तर गाव हसेल, तळं जाईल, बायको काही बोलणार नाही आणि तेच सर्वांत वाईट. त्यानं पाहिलं. जिवंत होती.

बांध संपत आला तेव्हा मात्र टोपली फारच गप्प वाटली. त्यानं झाकण काढलं. मरळ निपचित. त्यानं बोटानं तिला जरा ढोसलं.

मरळ उसळली, बांधावर पडली आणि ओल्या गवतातून सळसळत उतारानं पाण्यात गेली. ती जिवंत आहे याची आता पक्की खात्री पटली.

तो पोचला तेव्हा घंगाळात शेजाऱ्याची वीतभर मरळ फिरत होती.

"तुला नाही मिळाली?" म्हाताऱ्या पंचानं विचारलं.

"मिळाली होती."

"जिवंत होती का?"

"होती. मी स्वतः तीनदा पाहिली."

पंचांनी तळं शेजाऱ्याला दिलं.

तात्पर्य एवढंच: हाती आलेलं हातात आहे ना, हे पाहायला सारखी मूठ उघडू नये.