पिवळी खूण

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. गॅरेजच्या दस्तगीर उस्तादांनी तसं तोंडाने म्हटलं नव्हतं, नुसतं ओठांवर बोट ठेवलं होतं. पण परवा मल्लूदादाला विचारलं, तर तो म्हणाला, "लिही की. माझंच हाय ते." म्हणून लिहिते.

"मग खोलू का, उस्ताद?"

मल्लूदादाने पुन्हा विचारलं. त्याच्या हातात पाना होता. उस्ताद गॅरेजच्या बाकड्यावर बसून शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होते.

"काय खोलतोस?"

"गिअरबॉक्स. आनि काय?"

उस्ताद चष्मा पुसतच राहिले...

गाडी माझ्या आईची. जुनी आहे, ऑटोमॅटिक गिअरची. तिला क्लच नाही, गिअर आपले आपण बदलतात. आईच्या डाव्या पायात लहानपणापासून जोर नाही, त्यामुळे क्लचची गाडी तिला चालवता येत नाही. एसटीच्या पायऱ्या उंच पडतात. घाटावरच्या शाळेत ती गणित शिकवते, ते या गाडीच्या जिवावर.

दिवाळीची सुट्टी संपली आणि गाडी बिघडली. चढाला दुसऱ्या गिअरमध्येच अडकून राहायची. इंजिन ओरडत राहायचं. मग एकदम धक्का देऊन तिसरा पडायचा. आईची मान मागे जायची. ती काही बोलायची नाही, फक्त स्टीअरिंग आणखी घट्ट धरायची.

"गिअरबॉक्सातल्या प्लेटा गेल्या बाई," मल्लूदादा म्हणाला. "सुट्टीभर उभी ठेवली न्हवं तुमी? जुन्या गाडीचं असंच असतंय."

"खोलल्यावर नीट होईल ना पण?"

मल्लूदादाने पान्याकडे पाहिलं.

"हिचं सामान आता मिळत न्हाई. खोलली तर... खात्री देत न्हाई मी."

आईने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"सोमवारी शाळा आहे रे," ती म्हणाली. एवढंच.

मल्लूदादा उस्तादांचा शिष्य. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांच्या हाताखाली आहे. त्याला ढिलं काही बघवत नाही. नट दिसला की तो आवळणार, वायर लोंबताना दिसली की ताणणार. आणि काम झालं की छोट्या बाटलीतल्या पिवळ्या रंगाचा ठिपका त्यावर देणार. ही रीत त्याने स्वतः काढलेली. "मल्लूचा ठिपका बघितला की फुडं जायचं," असं तो गिऱ्हाइकांना सांगतो. "तिथं परत बघायचं काम न्हाई."

उस्ताद उठले.

"बॉनेट उघड. गाडी चालू ठेव."

मल्लूदादाने उघडलं. उस्तादांनी गिअरच्या तेलाची पट्टी ओढून काढली. एक थेंब अंगठ्यावर घेतला. नाकाजवळ नेला. मग अंगठा माझ्यापुढे धरला.

"हुंग, पोरी."

मला लाज वाटली. तरी हुंगलं.

"कसला वास?"

"तेलाचा..."

"करपल्यागत?"

"नाही."

"रंग?"

"लाल."

"आता काय गाड्या हुंगून दुरुस्त करायच्या?" मल्लूदादा हसला.

"का? तुला सर्दी झालीय?"

"तसं न्हवं उस्ताद. वास चांगला असला तरी आतनं गेली असंल की."

"असंल की," उस्ताद म्हणाले. त्यांनी अंगठा पुसला.

करपलेला वास आला की आतल्या प्लेटा जळाल्या, असं मला नंतर कळलं. तेव्हा काही कळलं नव्हतं. मी नुसती बॉनेटच्या आत बघत उभी होते.

आणि मला तो ठिपका दिसला.

अ‍ॅक्सिलरेटरकडून एक बारीक वायर गिअरबॉक्सकडे खाली जाते. तिच्या नटावर पिवळा ठिपका होता. अगदी ताजा, लिंबासारखा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही इंजिन ऑइल बदलायला आलो होतो, तेव्हा मी इथेच उभी होते. मल्लूदादा शीळ घालत होता. ती वायर जरा सैल होती. त्याने ती बोटाने हलवून पाहिली, तोंड वाकडं केलं, आणि ताणून नट आवळला. मग ठिपका दिला. आम्ही गाडी घरी नेली, वाटेत चढ नव्हता, आणि झाकून ठेवली. सुट्टीनंतर काढली, ती अशीच.

मी तोंड उघडलं.

उस्ताद माझ्याकडेच बघत होते. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

त्यांचे डोळे रागावलेले नव्हते. घरात बाळ निजलेलं असलं की मोठी माणसं बघतात, तसं बघत होते.

मी तोंड मिटलं. पान्याचं टोक गाडीच्या दिशेला होतं, आणि आई बाकड्यावर बसून गिअरबॉक्स उघडायची वाट बघत होती.

"मल्लू," उस्ताद म्हणाले, "आधी चहा दे."

"आता?"

"आता."

समोरच्या टपरीवरून किटली आलेली होती. मल्लूदादाने पाना खाली ठेवला, किटली उचलली आणि बाकड्यावरच्या ग्लासांकडे वाकला. उस्तादांनी मागून त्याची बाही धरली. कोपराजवळ. थोडीशीच ओढून धरली, आणि सोडली नाही.

मल्लूदादाने किटली तिरकी केली. चहा येईना. त्याने हात आणखी पुढे नेला. बाही ताणली गेली. चहा येईना...

मग त्याने जोर लावला. चहा भसकन आला. ग्लासात कमी, बाकड्यावर जास्त, उरलेला त्याच्या बाहीवर.

"अवो उस्ताद!"

"काय झालं?"

"काय झालं म्हंजे? सोडा की बाही!"

"जोर कशाला लावलास?"

"तुमी वडून धरलंय मागनं! वडून धरल्यावर हात फुडं जायला जोर लावावाच लागनार की. मग भसकन सांडनारच!"

उस्तादांनी बाही सोडली.

"ती बी तेच म्हनतीया," ते म्हणाले.

"कोन ती?"

उस्तादांनी ग्लासात जेवढा चहा होता तेवढा उचलून आईला दिला.

मल्लूदादा किटली हातात घेऊन तसाच उभा राहिला. कोपरावरून चहा ठिबकत होता. त्याने बाहीकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं...

किटली खाली ठेवून तो बॉनेटपाशी गेला.

उस्तादांनी गाडीकडे पाठ केली. बिस्किटाचा पुडा फोडला, आणि आईला मोठ्याने विचारलं, "बाई, घाटावर यंदा थंडी कशी हाय?"

"आहे बरी," आई म्हणाली. तिला काही कळलं नव्हतं.

"पोरांस्नी गनित येतंय का?"

"काहींना येतं."

"न येनाऱ्यांचं काय करता?"

"थांबते," आई म्हणाली. "काय करणार?"

उस्ताद हसले. बिस्कीट मला दिलं.

मी तिरक्या नजरेने बघत होते. मल्लूदादाचं बोट त्या पिवळ्या ठिपक्यावर होतं. हलत नव्हतं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आमच्यापैकी कुणी बघतंय का, हे त्याने वळून पाहिलं. मी पटकन बिस्कीट चावलं.

मग पान्याचा बारीकसा आवाज आला. नट सैल झाल्याचा.

"उस्ताद..." बऱ्याच वेळाने तो म्हणाला. आवाज वेगळाच होता. "किती ढिली ठिवू?"

"तिला इचार."

तो गाडीत बसला. आम्हीही बसलो. उस्ताद त्याच्या शेजारी, आई आणि मी मागे. आईच्या हातात चहाचा ग्लास तसाच होता. कडगावच्या रस्त्याला चढ लागतो, तिथे त्याने गाडी घातली. आता गिअर जरा लवकरच बदलला, इंजिन दबल्यासारखं वाटलं. तो थांबला, उतरला, नट किंचित फिरवला. पुन्हा चढ. पुन्हा उतरला. उस्ताद खिडकीबाहेर ऊस बघत बसले होते.

परत चढ लागला. आईने सवयीने मान ताठ केली.

"पडला का तिसरा?" तिने थोड्या वेळाने विचारलं.

"कवाच," उस्ताद म्हणाले.

आईने ग्लासाकडे पाहिलं. चहा हललासुद्धा नव्हता. ती हसली. मग हसता हसता तिने माझा हात धरला आणि काचेकडे तोंड केलं. ती किती घाबरली होती, ते मला तेव्हा कळलं.

मल्लूदादाने गाडी कडेला घेतली. समोर बघत म्हणाला, "बाई, प्लेटा बिटा कायबी गेलं नव्हतं. वायर मीच तानली हुती. दिवाळीच्या आधी. ढिली दिसली म्हनून... मोटारसायकलीचं वेगळं असतंय, क्लचच्या गाडीचं वेगळं असतंय. हिला वाटायचं तुमी सारखा पाय दाबूनच धरलाय. म्हनून ती गिअर बदलतच नव्हती." त्याने स्टीअरिंगवरचे हात खाली घेतले. "आनि मी ती खोलायला निघालो हुतो."

गाडी हळू आवाजात चालू होती.

"घाटात ती ओरडायची ना," आई म्हणाली, "तेव्हा मला वाटायचं, थकली बिचारी. तिच्यावर काही रागावले नाही मी. मग तुझ्यावर कशी रागावू?"

मल्लूदादाने बाहीने तोंड पुसलं. चहाची बाही होती, तोंडाला डाग लागला.

"आता मी चालवते," आई म्हणाली. "ऊठ."

गॅरेजवर परत आलो. आई गाडीतच बसून राहिली, स्टीअरिंगवर हात ठेवून. मल्लूदादाने बॉनेट उघडलं. पेट्रोलमध्ये बोळा भिजवला आणि त्या ठिपक्याकडे नेला.

"काय करतोस?" उस्तादांनी विचारलं.

"पुसतो."

"का?"

"चूक हाय ती."

"ऱ्हाऊ दे."

मल्लूदादाचा हात थांबला. बोळ्यातून पेट्रोल त्याच्या बोटांवर येत होतं.

"तुमी आधीच बघितलं हुतं," तो म्हणाला. "बॉनेट उघडलं तवाच."

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाई? मी पाना घिऊन हुबा हुतो, उस्ताद. बाईंच्या समोर नसतं सांगायचं, तर बाजूला घिऊन सांगायचं. कान पिळायचा. मी काय तुमाला नाही म्हनलो असतो?"

उस्तादांनी त्याची बाही पुन्हा धरली. तो दचकला. पण त्यांनी ओढली नाही. चुरगळली होती तेवढी अंगठ्याने सरळ केली. कोपरापासून मनगटापर्यंत, सावकाश.

"सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर तुला बी त्या तिसऱ्या गिअरगत धक्क्यानंच कळलं असतं."

मल्लूदादाने बोळा खाली ठेवला. तो ठिपका अजून तिथेच आहे. आज सकाळी मी बॉनेट उघडून पाहिलं, तर त्याच्या शेजारी एक नवीन पिवळा ठिपका आहे, सैल ठेवलेल्या जागेवर. आई हॉर्न वाजवतेय. मनू, चल गं, म्हणतेय, गाडी चालू आहे, आणि मला अजून लिहायचं होतं.