काका मागं बसले तेव्हा

ऑपरेशननंतर केतकीच्या आईचा गुडघा वाकत नव्हता, म्हणून तिला दवाखान्यात न्यायला जुनी गाडी घ्यायची ठरली. बघायला गेले तेव्हा थोरले काका पांढऱ्या आणि लाल अशा दोन्ही गाड्यांत पुढं बसले, सीट पार मागं रेटून पाय पसरले आणि म्हणाले, "पांढरीची गादी कडक आहे. लाल घ्या, ऐसपैस आहे."

"लालमध्ये जरा मागं बसून बघा," केतकी म्हणाली.

"कॉलेज सोडलेलीनं मला शिकवू नये," म्हणत काका तोऱ्यात मागं शिरले. गुडघे हनुवटीला टेकले.

"कुठल्या गाढवानं पुढची सीट एवढी मागं घेतलीय?"

"आत्ताच उतरले ते," केतकी म्हणाली. "पांढरीत मागं आईचा पाय सरळ राहतो."

काकांनी लालच घेतली. पुढं तेच बसतात. आई मागं आडवी बसते आणि विचारलं की म्हणते, "बरी आहे गं गाडी."