एका पखालीची पत

पूर्वी मरुसीमा नगरीत राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्व व्यापारी तांड्यांचे प्रमुख म्हणून जन्मले होते. नगराच्या वेशीबाहेरच वाळवंट सुरू होई. तिथल्या विहिरी नंदा नावाच्या म्हातारीच्या ताब्यात होत्या. निघणाऱ्या तांड्याच्या कातडी पखाली ती नुसत्या शब्दावर पाण्याने भरून देई. परतलेल्या व्यापाऱ्याने मात्र घरी जाण्याआधी, पायांवरची धूळही न झटकता, तिच्या दारी जाऊन देणे चुकवायचे, अशी रीत होती.

बोधिसत्त्वांचा भाचा सोणक लबाड नव्हता. पण परतला की तो आधी घर गाठी, गल्लीला जेवण घाली, रेशमी वस्त्रे घेई, आणि नंदाचे देणे द्यायला चारावाल्याकडून उसने आणी. चारावाल्याला द्यायला मग तेल्याकडून. "शेवटी देतोच ना?" असे हसून म्हणे. देई हे खरे, पण लोकांना हेलपाटे घालायला लावून. ऋण काढून सण करणाऱ्याला सण तेवढा दिसतो.

एका वर्षी विहिरींचे पाणी खोल गेले. नंदाने सोणकाच्या पखालींना हातही लावला नाही.

"ज्यांचा शब्द खरा, त्यांनाच पुरंल एवढं पाणी हाय, बाबा," ती म्हणाली.

सोणक बोधिसत्त्वांकडे धावला. "मामा, तुम्ही एक शब्द टाका, तुम्हाला ती नाही म्हणायची नाही. हा हंगाम हुकला तर माझं घरदार बुडेल. नाहीतर मी अर्ध्या पखालींवरच निघतो!"

तो खरेच निघेल आणि वाळवंटात माणसे-बैल तडफडून मरतील, हे बोधिसत्त्वांनी ओळखले.

"माझ्या शब्दावर तुला पाणी मिळेल, पत मिळायची नाही," ते म्हणाले. "तुझा माल मी माझ्या बैलांवर घालतो. तुझी माणसंही माझ्याबरोबर येतील. तू इथं थांब आणि सगळ्यांचं देणं फेड. पण एकाचं घेऊन दुसऱ्याला देऊ नकोस."

भाच्याच्या मालाला जागा करण्यासाठी त्यांनी स्वतःचे कापडाचे गठ्ठे मागे ठेवले. त्या वर्षी त्यांना नफा झाला नाही. लोकांनी त्यांना वेड्यात काढले. त्यांना मात्र वेशीत एकट्याच उभ्या राहिलेल्या भाच्याचेच वाईट वाटत होते.

सोणकाने रथ विकला, रेशीम विकले आणि दारोदार जाऊन देणी फेडली. तेल्याने पैसे घेतले आणि त्याच्या तोंडावर दार लावले. त्या बंद दारापुढे सोणक रडला. पैसे परत केले की माणूसही परत मिळतो, असे त्याला वाटले होते.

पुढच्या हंगामात नंदाने त्याची एक पखाल भरली.

"एकच?"

"एकच. हिचं देणं आलं की दुसरी."

एका पखालीवर जेमतेम पलीकडचे खेडे गाठता येई. सोणक तेवढेच गेला, मीठ विकून आला आणि धुळीच्या पायांनी थेट नंदाच्या दारी गेला. मग दोन पखाली झाल्या. अशी काही वर्षे गेली.

एकदा तो परतला तेव्हा वेशीवरच कळले, की त्याला मुलगा झाला आहे. घरची माणसे त्याला ओढू लागली. डोळे भरून आले, तरी तो आधी विहिरीकडे वळला.

"आरं, आधी पोराचं तोंड बघून यायचं!" नंदा म्हणाली.

"त्याच्यासमोर ताठ मानेनं जावं, म्हणूनच आधी इकडं आलो, आजी."

म्हातारीने त्याचे पैसे घेतले. मग कुणी न सांगता ती उठली आणि त्याच्या साऱ्या पखाली भरू लागली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका भिक्षूला सांगितली. तो इतरांची सुई मागून नेई आणि वेळेवर परत करीत नसे. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा सोणक तूच होतास. आपल्या विहाराला पाणी आणून देणारी वृद्ध उपासिका तेव्हा नंदा होती, आणि तांड्याचा प्रमुख मी होतो. दिलेला शब्द वेळेवर खरा करणे, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता." भिक्षू खाली मान घालून उठला आणि सुई परत द्यायला गेला.