महाराज खुशाल आहेत

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगायलाही आता कुणी उरलेलं नाही. त्या राज्याच्या अगदी टोकाच्या गावात एक म्हातारी राहत होती. राजा तान्हा असताना त्याची आई वारली, तेव्हा हिनंच त्याला आपलं दूध पाजून वाढवलं. सगळं गाव तिला दूधआई म्हणे.

लहानपणी राजाला सारखा ताप यायचा. राजवैद्याची मात्रा एकीकडे राहायची आणि दूधआईनं कपाळावर हात ठेवला की पोरगं शांत झोपी जायचं. वाडा सोडून गावी परतताना ती त्याला म्हणाली होती, "तू आजारी आहेस एवढं नुसतं माझ्या कानावर येऊ दे. बोलावणं नको, पालखी नको. असेन तशी निघेन." तेव्हापासून तिच्या घरात खुंटीला सुंठ-वेखंडाची पुरचुंडी तयार टांगलेली असे.

पुढे तो गादीवर बसला. एकदा एका नाटकमंडळीनं खेळात राजा रडताना दाखवला. खरं तर बघणारे राजासाठी हळहळले होते. पण दरबारातले अतिशहाणे म्हणाले, "महाराज, रडका राजा शत्रूनं पाहिला तर?" राजाला ते पटलं. हुकूम सुटला, की खेळातला राजा नेहमी हसतच दिसला पाहिजे आणि प्रत्येक दवंडी 'महाराज खुशाल आहेत' या शब्दांनीच संपली पाहिजे. हुकूम सोडायला काय लागतं? नुसती जीभ हलवायची.

दर बाजाराच्या दिवशी दूधआई चावडीपुढे उभी राहून दवंडी ऐके. "नदीला पूर आहे हो! रानात लांडगे उतरलेत हो! महाराज खुशाल आहेत हो!" शेवटचे शब्द ऐकले की तिचा जीव भांड्यात पडे. पण मनात कुठंतरी खुपेही. इतका खुशाल, की म्हातारीची एकदाही आठवण येऊ नये? मग तीच स्वतःची समजूत घाली, "सुखात आहे ना, मग झालं."

त्या वर्षी गावच्या जत्रेला राजधानीची नाटकमंडळी आली. राजा झालेला नट गदगदून हसला, तसे लोकही हसले. दूधआई अगदी पुढे बसली होती. हसणाऱ्या राजाच्या डोळ्यांतून पाणी वाहताना तिनं पाहिलं. खेळ संपल्यावर ती कनातीमागे गेली.

"बाबा, तू वाड्यात जाऊन येतोस. माझा लेक बरा आहे ना रे? मग हसताना तुझ्या डोळ्यांत पाणी का आलं?"

नटानं इकडेतिकडे पाहिलं. कनातीच्या तोंडाशी राजाचा शिपाई उभा होता.

"काजळ झोंबलं, आजी," तो म्हणाला. "महाराज खुशाल आहेत."

दूधआई घरी गेली. पुरचुंडी खुंटीलाच राहिली.

महिन्याभरानं चावडीपुढे ढोल वाजला. "ऐका हो ऐका! युवराज गादीवर बसले हो! महाराज खुशाल आहेत हो!"

"कुठले महाराज रे?" म्हातारीनं विचारलं.

दवंडीवाल्यानं मान खाली घातली आणि तो पुढच्या गावाला निघून गेला.

दोन दिवसांनी तो नट तिच्या दारात आला. रंग नाही, मुकुट नाही. "आजी, मी खोटं बोललो. जत्रेला यायच्या आधी मी महाराजांना पाहून आलो होतो. ते अंथरुणाला खिळले होते. दाराचा पडदा हलला की विचारायचे, 'दूधआई आली का? मी आजारी आहे हे ऐकून ती थांबायची नाही.' स्वतःचाच हुकूम त्यांच्या ध्यानात राहिला नव्हता. आठवण करून द्यायची छाती कुणाला होती?"

"तुला काय बोलू बाबा?" म्हातारी म्हणाली. "हुकूम माझ्याच लेकराचा."

तिनं पुरचुंडी काढून पदराला बांधली आणि तीन दिवसांची वाट तुडवत ती राजधानीला गेली. वेशीबाहेर भर उन्हात राजाची समाधी होती. तिनं दगडावर हात ठेवला. दगड चटका बसेल इतका तापला होता.

"किती तापलायस रे," ती म्हणाली आणि हात न उचलता तिथंच बसून राहिली.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीसुद्धा ऐका: जो आपलं दुखणं जगापासून लपवतो, तो आपल्या माणसांची वाटही बंद करतो.