रेवड्यांचे हुंकार

एका डोंगरी संस्थानाच्या कचेरीत नारोपंत नावाचे एक लेखनिक होते. अक्षर सुरेख, बोरू कधी अडखळत नसे. वीस वर्षे त्यांनी दरबारचे हुकूम लिहिले, लोकांचे तक्रारअर्ज लिहिले, ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्या लेकींना ख्यालीखुशालीची पत्रे लिहिली. शब्द नेहमी दुसऱ्याचे, हात तेवढा पंतांचा. आयुष्यात एकदा तरी आपले स्वतःचे काही लोकांनी वाचावे, ही एकच इच्छा त्यांच्या मनात घर करून बसली होती.

एके दिवशी राणीसाहेबांनी दवंडी पिटवली. राज्यातल्या मुलांसाठी गोष्टीची एक पोथी करायची आहे. ज्याची गोष्ट पसंत पडेल, तिच्या नकला करून गावोगाव पाठवल्या जातील. परीक्षा दोन महिन्यांनी. त्या मुलखात गोष्ट ऐकणाऱ्याने मधूनमधून 'हं' म्हणायची रीत होती. त्याला हुंकार म्हणत. हुंकार आला की सांगणाऱ्याने पुढे जायचे. तो थांबला की समजायचे, ऐकणारा झोपला तरी किंवा कंटाळला तरी. राणीसाहेब म्हणाल्या, "लिहिणाऱ्यानं आपल्या आळीतली मुलं आणावीत आणि त्यांना गोष्ट वाचून दाखवावी. आम्ही डोळे मिटून बसू आणि हुंकार ऐकू."

नारोपंतांनी आठ दिवसांत गोष्ट लिहिली. त्यात एक सरोवर होते, सरोवरात कमळे होती आणि कमळांचे वर्णन चार पाने होते. कचेरीतल्या मंडळींनी माना डोलावल्या. पंतांना आभाळ ठेंगणे वाटू लागले. मग त्यांनी आळीतली मुले पारावर गोळा केली आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानाला दोनदा हुंकार आला. दुसऱ्या पानाला एक जण मुंग्यांची रांग बघू लागला. शेजारच्या सोनाराची भागी सहा वर्षांची होती आणि प्रश्न विचारल्याशिवाय घाससुद्धा गिळत नसे. तिसऱ्या पानाला तिने तोंड उघडले.

"काका, त्या तळ्यात कुणी पडतं का?"

"नाही पडत," पंत म्हणाले.

"मग मी जाऊ?"

ती गेली आणि तिच्यामागे बाकीची मुलेही गेली. पारावर पंत आणि त्यांची कमळे तेवढी उरली.

घरी येऊन पंत पुष्कळ तणतणले. आजकालच्या मुलांना रसच कळत नाही, असे त्यांचे मत पडले. त्यांची बायको यमुनाबाई शांतपणे भाजी निवडत होती. ती म्हणाली, "त्या बायजा कासारणीकडे जाऊन बसा एकदा. पोरी तिच्यापुढून उठता उठत नाहीत."

बायजा म्हातारी बाजारात बसून मुलींना बांगड्या भरायची. घट्ट बांगडी चढवताना हात दुखतो, आणि दुखला की मुलगी तो ओढून घेते. म्हणून बायजा गोष्ट सांगे. मुलगी गोष्टीत गुंतली की हात सैल पडे आणि बांगडी मनगटात जाऊन बसे. पंतांनी बोरू पुढे करून विचारले, "बायजाबाई, गोष्टीचे नियम काय ते सांगा. मी लिहून घेतो."

"न्येम कसलं वो पंत," बायजा म्हणाली. "बसा हितं. वाचा तुमची गोष्ट. मी बांगड्या भरते."

पंतांनी कमळांचे पान वाचायला घेतले. दुसऱ्याच वाक्याला मुलीने हात हिसकला आणि बांगडीचे दोन तुकडे झाले. कासारीण मात्र बांगडी फुटली असे कधी म्हणत नाही, वाढली म्हणते.

"ही तुमच्या कमळांनी वाढवली, पंत," बायजा म्हणाली.

पंत शरमले, पण उठून गेले नाहीत. हा त्यांचा मोठाच गुण म्हणायचा. रोज कचेरी सुटली की ते बायजाशेजारी बसू लागले. मुलीचा हात कुठे सैल पडतो, कुठे आखडतो, ते पाहू लागले. कमळे गेली. मग सरोवरही गेले. पंतांना हळूहळू उमगले की मुलांना गोष्टीत कुणीतरी हट्टी लागते. त्या हट्ट्याला काहीतरी मनापासून हवे असावे लागते आणि ते सहजासहजी मिळूनही चालत नाही. महिन्याभराने त्यांनी नवी गोष्ट लिहिली. ढवळी नावाच्या शेळीला वाटले की चंद्र म्हणजे मिठाचा खडा आहे, आणि तो चाटायला ती डोंगर चढू लागली. ही गोष्ट वाचली तेव्हा दोन्ही हात भरून झाले आणि मुलगी म्हणाली, "संपल्या बांगड्या?"

एक पान मात्र अडत होते. डोंगराच्या मध्यावर शेळीला एक साधू भेटे आणि लोभ किती वाईट यावर बोलत राही. ते पान पंतांनी सात वेळा लिहून घोटले होते. मुलगी कुणाचीही असो, साधू आला की हात आखडे. तीन दिवसांत पाच बांगड्या वाढल्या.

"त्या बुवाला वाटंला लावा," बायजा म्हणाली.

"अहो, तोच तर गोष्टीचा जीव आहे."

"जीव शेळीत हाय, पंत. बुवा बोलाय लागला की शेळी उभीच ऱ्हाती. आन पोरगी बी."

पंतांना हे पटले. पटले तरी पान काढायला हात धजेना. आपल्या हाताने लिहिलेला उपदेश आपल्याच हाताने काढून टाकणे किती जड जाते, हे ज्यांनी कधी तात्पर्य लिहिले आहे त्यांनाच ठाऊक. परीक्षा उद्यावर आली. पंतांनी खूप विचार केला आणि शेवटी सोपी वाट धरली. ते वाण्याकडून दोन शेर रेवड्या घेऊन आले आणि आळीतल्या मुलांना म्हणाले, "उद्या मी वाचताना जिथं जिथं थांबेन, तिथं सगळ्यांनी 'हं' म्हणायचं. दुसरं काही बोलायचं नाही. मग ह्या रेवड्या तुमच्या."

मुलांना कसली हरकत? ती लगेच कबूल झाली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. राणीसाहेब डोळे मिटून हुंकार मोजत बसल्या. नारोपंत वाचू लागले. ओळीओळीला ठसठशीत हुंकार येऊ लागला. साधू आला तरी हुंकार ढळला नाही. उलट तिथे तो जरा मोठाच आला. पंतांचा जीव सुपाएवढा झाला. राणीसाहेबांचा चेहरा खुलला आहे का, ते पाहायला त्यांनी मान वर केली आणि त्या नादात पोथीची दोन पाने एकदम उलटली.

आधीच्या पानाच्या शेवटी ढवळीचा पाय कड्यावरून घसरला होता. आता ती गोठ्यात उभी राहून पाला खात होती.

"हं," मुले म्हणाली.

चूक पंतांच्या लक्षात आली. बायजाकडे कुठल्याही पोरीने इथे हात ओढला असता. इथे कुणी हूं की चूं केले नाही, भागीसुद्धा गप्प होती. म्हणजे आपली गोष्ट कुणी ऐकतच नव्हते. हे सगळे हुंकार रेवड्यांना होते. पंतांनी कसेबसे शेवटपर्यंत वाचले.

राणीसाहेबांनी डोळे उघडले. "एकही हुंकार चुकला नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तबकातला मानाचा शेला उचलला. कचेरीची मंडळी वाहवा करू लागली. वीस वर्षांची इच्छा हातभर अंतरावर आली होती. पंतांनी हात पुढे केला. कुणालाही कधी कळले नसते. मग त्यांनी हात मागे घेतला.

"राणीसाहेब, हे हुंकार गोष्टीचे नाहीत," ते म्हणाले. "रेवड्यांचे आहेत." आणि त्यांनी घडले ते सगळे सांगून टाकले.

"गप्प राहिला असतात तर चाललं असतं," राणीसाहेब म्हणाल्या. "का सांगितलंत?"

"आज चाललं असतं. पण पोथी गावोगाव जायची आहे. प्रत्येक गावात रेवड्या घेऊन मी कुठवर उभा राहणार?"

"खरं बोललात, म्हणून शिक्षा नाही," राणीसाहेब म्हणाल्या. "पण पोथीही नाही." शेला पुन्हा तबकात गेला. पुढे दुसऱ्या एका लेखनिकाची गोष्ट पसंत पडली, आणि ती चांगलीच होती.

नारोपंत बाहेर येऊन दरबाराच्या पायरीवर बसले. वाईट तर वाटत होतेच, पण छातीवरचे ओझे उतरल्यासारखेही वाटत होते. ते पोथी रुमालात बांधू लागले. मुले पलीकडे रेवड्या खात होती. भागी मात्र रेवडी हातात तशीच धरून त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"काका, ढवळीचा पाय घसरला होता ना? मग ती गोठ्यात कशी आली?"

पंतांनी विचारले, "तुझ्या लक्षात आलं होतं? मग तिथंच का नाही विचारलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, 'हं' सोडून काही बोलायचं नाही," भागी म्हणाली. "मी किती वेळ तोंड दाबून धरलं होतं."

नारोपंतांचे डोळे भरून आले. इतका वेळ त्यांना वाटत होते, आपली गोष्ट कुणी ऐकली नाही. ऐकणारी समोरच बसली होती. तिचे तोंड त्यांनी स्वतःच बंद केले होते.

त्यांनी रुमाल सोडला. साधूचे पान काढले आणि बाजूला ठेवून दिले. मग भागीला शेजारी बसवून, शेळी डोंगराच्या पायथ्याशी होती तिथून त्यांनी पुन्हा वाचायला घेतले. बघता बघता बाकीची मुलेही येऊन बसली. आता ती ओळीओळीला अडवत होती. ढवळीला तहान नाही लागली का? तिच्या पिल्लाला कुणी पाजलं? खाली पडताना तिनं काय धरलं? एक पान संपायला बराच वेळ लागला. नारोपंतांनी कमरेच्या कलमदानातून बोरू काढला आणि जिथे जिथे प्रश्न आला तिथे तिथे खूण केली. वीस वर्षांत त्यांच्या हातचे इतके गिरगटलेले पान कुणी पाहिले नव्हते, आणि इतके खुशीत असलेले नारोपंतही कुणी पाहिले नव्हते.

तात्पर्य: मुलांसाठी लिहिणाऱ्याने त्यांच्याकडून होकार वदवून घेऊ नये, त्यांचे प्रश्न ऐकावेत, कारण विकत घेतलेली दाद कानाला सुखावते, पण लिहिणे सुधारते ते मुलांनी अडवल्यामुळे.