भागीचा उतार

ऐका मंडळी. फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हता की होडी नव्हती तेव्हा, गावाखालच्या वाळूत भागी नावाची बाई राहायची. गावात तिला जागा नव्हती. पण नदीत कुठे पाय ठेवला की पाणी गुडघ्याच्या वर चढत नाही, तो उतार एकट्या भागीलाच ठाऊक. डोळे मिटून ती माणसं पार करायची, असं म्हणतात.

दर पावसाळ्यात तिची झोपडी वाहून जायची. भागी पाटलाच्या दारात उभी राहायची. "पाटील, माझ्या तानीपुरती तरी वर जागा द्या." पाटील म्हणायचा, "बघू." त्या 'बघू'वर तान्ही तानी चालती-बोलती झाली.

एका वर्षी गाव पलीकडच्या बाजाराला गेलं आणि मागून पूर आला. भागीची वाट न बघता सगळे शहाणे पाण्यात शिरले आणि मधल्या खडकावर अडकले. इकडे तानी तापाने फणफणलेली. तिला उचलून भागी वर निघाली, तोच खडकावरून पाटील ओरडला, "भागे, आधी आमाला काढ! तानीला चावडीत जागा देतो, माझा शब्द हाय!"

जन्मात पहिल्यांदा तिने 'बघू' सोडून दुसरं काही ऐकलं. भोळी ती! तानीला बाजेवर ठेवून पाण्यात उतरली. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले, पुढच्याने भागीचा पदर धरला. तिचं पाऊल पडेल तिथे पूर गुडघ्याएवढा व्हायचा, असं म्हणतात. एकही माणूस बुडाला नाही.

काठावर येताच भागी म्हणाली, "पाटील, जागा."

धोतर पिळत पाटील म्हणाला, "पुराला उतार पडू दे, मग बघू."

भागी मागे वळली. झोपडी नव्हती, बाज नव्हती, तानी नव्हती.

"उतार पायजे नव्हं? घ्या!" असं म्हणून ती पुरात शिरली आणि पूर जागच्या जागी ओसरला, असं म्हणतात. भागी मात्र पुन्हा दिसली नाही.

लोक गावाला 'भागीचा उतार' म्हणू लागले. बोलता बोलता त्याचं 'भागुतार' झालं. पुढे शिकल्यासवरल्यांना त्या नावाची लाज वाटली. पाटीवर 'भागोत्तर' आलं. भागीरथीचं उत्तर तीर म्हणे! गाव आहे नदीच्या दक्षिणेला, पण त्याची कुणाला लाज वाटली नाही.

आजही पूर ओसरला की गाव भागीच्या नावाने झोपडी बांधतं, आत छोटी बाज टाकतं, हळदकुंकू वाहतं. बांधतं मात्र वाळूतच. झोपडी वर बांधावी, असं दरवर्षी कुणीतरी म्हणतं.

सरपंच म्हणतात, "बघू."